दुपारी अडीचनंतरच्या चुका : एका डेस्क जॉबची केस, पहिल्यापासून आत्तापर्यंत

ही केस पस्तिशीतल्या एका बाईंची. काम दिवसभर स्क्रीनसमोर बसून बिलं आणि क्लेम तपासायचं, म्हणजे आकडे जुळतायत का, कागद पूर्ण आहेत का, कोड बरोबर टाकलाय का. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव आणि कंपनी सोडली तर बाकी सगळं जसं झालं तसं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वजनाचा विषय नव्हताच, कामात चुका वाढल्या होत्या आणि अप्रेझल तोंडावर आलं होतं, टीम लीडरने शांतपणे पण स्पष्ट सांगितलं होतं की रिवर्क, म्हणजे चुकल्यामुळे पुन्हा करावं लागणारं काम, असंच राहिलं तर रेटिंग खाली जाणार. "मॅडम, मला एनर्जीसाठी काहीतरी द्या, दुपारी माझं डोकंच चालत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. आणि सोबत स्वतःच एक यादी आणलेली, प्रोटीन पावडर, मल्टीव्हिटॅमिन, साखर पूर्ण बंद, पहाटे पाचला उठून जिम.

मी आहारतज्ज्ञ आहे, अशा याद्या माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यामागे माणूस किती दमलेला असतो ते दिसतं. म्हणून यादीवर काही न बोलता मी एक वेगळीच गोष्ट मागितली, ती रिवर्कची शीट आहे का? होती. त्यांच्याकडे प्रत्येक एंट्रीला वेळ पडते, आणि तपासणीत चूक निघाली की ती ओळ लाल होते. आम्ही दोघींनी ती शीट वेळेच्या कॉलमने लावून बघितली. सकाळी साडेनऊ ते एक जवळजवळ स्वच्छ, कुठेतरी एखादी लाल ओळ. अडीच ते साडेचार लालच लाल. पाचनंतर पुन्हा कमी. चुकाही एकाच जातीच्या होत्या, शेजारचे दोन आकडे उलटे टाकलेले, एक ओळ सोडून खालची वाचलेली, जोडलेला कागद उघडलाच नाही पण "तपासलं" वर टिक. काम न येणाऱ्या माणसाच्या चुका अशा नसतात. या लक्ष निसटल्याच्या चुका आहेत.

हे बघून त्या रडवेल्या झाल्या, कारण कित्येक महिने त्या स्वतःलाच निष्काळजी म्हणत होत्या. मला या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच वाटतं. चूक कधी होते हे कळलं की ती का होते हे शोधायला निदान एक दिशा मिळते, आणि माणूस स्वतःला कोसणं थांबवतो.

दुपारी थोडी सुस्ती सगळ्यांनाच येते आणि ती फक्त जेवणामुळे येत नाही, हे आधी सांगते. आपल्या शरीराच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो, ज्यांनी जेवण केलं नाही त्यांच्यातही तो प्रयोगांत दिसलाय. जेवण जड असेल तर तो उतार जास्त खोल होतो, आणि रात्रीची झोप कमी असेल तर अजूनच. म्हणजे उतार राहणारच, तो किती खोल जाऊ द्यायचा एवढंच आपल्या हातात. यांचा इतका खोल का गेला हे शोधायचं होतं.

पहिले दोन आठवडे मी काहीही बदलायला सांगितलं नाही. फक्त वेळा लिहायला सांगितल्या. कॅलरी नाहीत, ग्रॅम नाहीत, वाटीचं माप नाही, फक्त तोंडात काहीही गेलं की वेळ, आणि झोपायची-उठायची वेळ. लोकांना हे फार सोपं वाटतं म्हणून ते खरं लिहितात, ग्रॅम लिहायला लावले की तिसऱ्या दिवसापासून अंदाजपंचे सुरू होतं.

वही आली ती अशी. उठणं सकाळी सहाला, घरातली कामं आणि मुलीची शाळा. नाश्ता नाही, कारण उपाशी राहणं चांगलं असं कुठेतरी वाचलेलं, पण कॉफी दोनदा. ऑफिसमध्ये अकराला तिसरी कॉफी. एक ते दोन रोज टीमची मीटिंग, त्यामुळे जेवण सव्वादोन-अडीचला, आणि सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे ते जेवण भरपूर, त्यात भात किंवा पांढरा ब्रेड किंवा नूडल्स जास्त, भाज्या नावापुरत्या, वर काहीतरी गोड. चारला कॉफी आणि बिस्किटं. साडेसहाला निघताना अजून एक कॉफी कारण "घरी जाऊन दुसरी शिफ्ट असते ना मॅडम". रात्रीचं जेवण दहाला. मग सगळं आवरल्यावर दिवसभरातला एकमेव स्वतःचा वेळ म्हणून फोन, झोपायला साडेबारा. सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळी दहापर्यंत झोप.

म्हणजे कामाच्या दिवसांत साडेपाच तास झोप. मोठ्या माणसांना सात तास किंवा जास्त लागते, अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१५ साली एकत्र बसून हाच आकडा सांगितला. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, मला सवय झालीय, साडेपाच तास पुरतात. हे मी इतक्या जणांकडून ऐकते आणि इथेच मला थांबून बोलावंसं वाटतं. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ४८ निरोगी माणसं घेतली आणि काहींना दोन आठवडे रोज फक्त सहा तास, काहींना चारच तास झोपू दिलं, आणि रोज लक्षाच्या चाचण्या घेतल्या. चाचणीतली कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाएवढी खराब झाली. पण त्या लोकांना विचारलं की झोप येतेय का, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदललंच नाही, त्यांना वाटत होतं आपण बऱ्यापैकी ठीक आहोत. म्हणजे झोप कमी पडली की आधी जातं ते आपली झोप कमी पडतेय हे ओळखण्याचं भान. "सवय झाली" म्हणजे हेच असतं बऱ्याचदा. यांच्या बाबतीत ते ओळखायला आमच्याकडे लाल ओळी होत्या, सगळ्यांकडे नसतात.

आता कॉफी. पाच कप. एका कपात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर दिवसाला ४०० ते ५०० होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० पर्यंत चालेल असं म्हटलंय, गरोदर बायकांसाठी २००. म्हणजे प्रमाण काठावर होतं, पण माझी खरी तक्रार प्रमाणापेक्षा साडेसहाच्या कपाबद्दल होती. मेंदूत दिवसभर अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे झोप दाटत जाते, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणजे थकवा जात नाही, फक्त कळत नाही. आणि कॅफिन रक्तातून निम्मं व्हायला सरासरी पाच-सहा तास लागतात, माणसामाणसात खूप फरक असतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हाच वेळ जवळपास दुप्पट होतो. म्हणजे साडेसहाला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन त्या झोपायला जातात तेव्हाही अंगात. २०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. तो डोस मोठा होता, एका कपाचा परिणाम तेवढा नसेल, पण ज्यांना मुळात साडेपाचच तास मिळतायत त्यांना अर्धा तास जाणंही परवडत नाही. "पण मला कॉफी पिऊनही लगेच झोप लागते," हे त्या म्हणाल्याच. लागते, कारण शरीर इतकं थकलेलं असतं. पण लागलेली झोप किती गाढ आहे हा वेगळा प्रश्न.

इथपर्यंत सगळं झोप आणि कॉफीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण बोलता बोलता त्यांनी दोन गोष्टी सहज सांगितल्या, दोन जिने चढले की धाप लागते, आणि केस फार गळतायत. मासिक पाळीचं विचारलं तर रक्तस्राव बरीच वर्षं जास्तच होता, त्यांना ते नॉर्मल वाटत होतं कारण आई आणि बहिणीचंही तसंच. म्हणून आहाराचा एकही बदल करायच्या आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा म्हटला की लोक थेट खाण्यापिण्याच्या सल्ल्यावर येतात, पण थायरॉइड, शुगर, लोह, बी१२, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, यातलं काहीही असू शकतं आणि ते वहीत दिसत नाही.

रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, शुगर ठीक, बी१२ खालच्या बाजूला पण मर्यादेत. हिमोग्लोबिन १२.४. बिगरगरोदर बायकांसाठी १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया म्हणतात, म्हणजे या पास. मागे कधीतरी फक्त हिमोग्लोबिन तपासून "सगळं छान आहे" सांगितलंही गेलं होतं त्यांना. पण यावेळी डॉक्टरांनी फेरिटिन पण बघितलं आणि ते निघालं ९. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला लोहाची कमतरता धरते. साठा संपत आलाय पण हिमोग्लोबिन अजून टिकून आहे अशी मधली अवस्था असते आणि त्या अवस्थेतही माणूस थकतो. हिमोग्लोबिन नॉर्मल असलेल्या, पण फेरिटिन ५० च्या खाली आणि थकव्याची तक्रार असलेल्या बायकांवर २०१२ साली एक चांगला प्रयोग झाला होता, जवळपास २०० जणी, अर्ध्या जणींना बारा आठवडे लोहाच्या गोळ्या आणि अर्ध्या जणींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. दोन्हीकडे थकवा कमी झाला, पण लोह घेणाऱ्या गटात बराच जास्त.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या एक दिवसाआड. बाईंना वाटलं, रोज घेतली तर साठा लवकर भरेल ना? तसं होत नाही. एक डोस घेतला की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढच्या दिवशीचं लोह आत घ्यायचं दार थोडं लोटून घेतं, २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर झालेल्या अभ्यासात दिवसाआड घेतल्यावर जास्त टक्के लोह शोषलं गेलं आणि पोटाचा त्रासही तुलनेने कमी असतो. कोणाला कशी द्यायची हे डॉक्टरच ठरवतात, आणि हे वाचून कोणी तपासणी न करता लोह सुरू करू नका अशी अगदी मनापासून विनंती आहे, काहींच्या शरीरात लोह जास्त साठतं आणि तिथे ते नुकसान करतं. जास्त रक्तस्रावासाठी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं तो वेगळा धागा, त्यात मी शिरत नाही, पण साठा गळतोय तिथेच थांबवला नाही तर वरून कितीही ओता.

कॉफी इथे पुन्हा आली. जेवणासोबत कॉफी घेतली की वनस्पतीजन्य पदार्थांतलं लोह कमी शोषलं जातं, चहाने अजून कमी. १९८३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तरी जेवणासोबत घेण्याएवढंच नुकसान. म्हणजे त्यांच्या अडीचच्या जेवणावर चारची कॉफी फार लांब नव्हती. लोहाची गोळी आणि कॉफी यांच्यात मोठं अंतर ठेवायचं, आणि लोह असलेल्या जेवणात आंबट फळ, टोमॅटो, सिमला मिरची असं क जीवनसत्त्वाचं काहीतरी घ्यायचं, एवढंच सांगितलं.

मग बदल सुरू केले, एकेक करून, आणि क्रम मुद्दाम ठरवला. पहिली कॉफीची वेळ. दुपारी बारानंतर नाही. पाच कप एकदम बंद करायचं नाही, कारण कॅफिन अचानक सोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, चिडचिड, लक्ष न लागणं सुरू होतं आणि ते आठवडाभरही चालू शकतं, ज्या माणसाचं अप्रेझल तोंडावर आहे त्याला हे कोण सांगेल? आधी साडेसहाचा कप गेला, ते अंगवळणी पडल्यावर चारचा. सकाळचे तीन तसेच राहू दिले. त्यांना ते पटलं, कारण आवडीची गोष्ट हिसकावून घेतली नव्हती.

दुसरं झोप. इथे त्यांनी स्पष्ट सांगितलं, मॅडम, दहाला झोपणं मला जमणार नाही, तो एकच वेळ माझा असतो. मला हे फार प्रामाणिक वाटलं. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाला स्वतःला रात्रीचा तासही देऊ नका असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मग आम्ही तो वेळ हलवला. रात्रीचं जेवण दहाऐवजी साडेआठला, नवऱ्याने आवराआवर घेतली, ते बोलून ठरवावं लागलं, आपोआप झालं नाही. मोकळा वेळ साडेनऊ ते साडेदहा, फोनसकट, अकराला दिवे बंद. सातचा आकडा पूर्ण झाला. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपणं कमी करून साडेसातला आणलं, कारण उठायची वेळ दोन दिवस चार तासांनी सरकली की आठवड्याच्या पहिल्या दिवशी शरीराचं घड्याळ मागेच राहतं.

पहाटे पाचच्या जिमला मी नाही म्हटलं, आणि यावर आमचा थोडा वादही झाला. व्यायाम हवाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे आठवड्याला मध्यम श्रमाचे किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. पण झोपेतून तास कापून व्यायाम, तोही फेरिटिन ९ असताना, हा सौदा तोट्याचा आहे. त्याऐवजी दुपारच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, रोज. जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते ओढून घेतात आणि जेवणानंतरची चढ-उतार सौम्य होते, अगदी दोन ते पाच मिनिटांच्या चालण्यानेही फरक दिसल्याचे अभ्यास आहेत. बाहेरचा उजेडही मिळतो. ताकदीचा व्यायाम नंतर, साठा भरायला लागल्यावर.

खाणं मी तिसऱ्या नंबरवर ठेवलं, आहारतज्ज्ञ असून. खाण्याचं महत्त्व कमी म्हणून नाही. झोप कमी असेल तर खाण्याचे नियम टिकतच नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांची झोप रोज सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढवली, खाण्याबद्दल काहीही सांगितलं नाही, तरी दुसऱ्या गटाच्या तुलनेत ते दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खायला लागले. काहीही न सांगता! मी वर्षानुवर्षं लोकांना बिस्किटं कमी करा सांगते आणि त्यातलं किती टिकतं ते मला माहितीये, म्हणून हा आकडा वाचल्यापासून मी क्रमच बदलला.

यांचं खाणं प्रमाणाने फार वाईट नव्हतं, ते चुकीच्या जागी गोळा झालेलं होतं. सकाळी शून्य, दुपारी डोंगर. सकाळी साडेआठच्या सुमारास प्रोटीन असलेलं छोटं काहीतरी सुरू केलं, अंडी किंवा दही किंवा कडधान्यं, सोबत फळ. नाश्ता केलाच पाहिजे असं माझं मत नाही, ज्यांना उपाशी राहून छान वाटतं आणि दुपारी ते सावरून जेवतात त्यांनी खुशाल राहावं, पण यांचं तसं होत नव्हतं, उपाशी सकाळचं रूपांतर रोज अतिजेवणात होत होतं. दुपारच्या ताटात काहीही काढून टाकलं नाही, क्रम आणि वाटणी बदलली, भाज्या आणि डाळ-कडधान्यं-मासे-चिकन जे असेल ते आधी, भात किंवा ब्रेड शेवटी आणि पूर्वीच्या निम्मा, गोड रोजच्याऐवजी आवडेल त्या एखाद्या दिवशी. चारच्या बिस्किटांच्या जागी मूठभर दाणे किंवा बदाम आणि फळ, डेस्कच्या ड्रॉवरमध्येच. ड्रॉवर हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, चार वाजता जे हाताशी असतं तेच पोटात जातं. पाकिटबंद तयार पदार्थांचं एवढंच सांगितलं की २०१९ साली वीस जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण देऊन बघितलं होतं, ताटात साखर, चरबी, फायबर सगळं जुळवलेलं, तरी अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. त्यामुळे पाकिटाचा मोह आवरला नाही म्हणून स्वतःला दोष देण्यापेक्षा पाकीट ड्रॉवरमध्ये नसलेलं बरं.

प्रोटीन पावडर लागली नाही, मल्टीव्हिटॅमिनही नाही. पाणी प्यायचे अलार्म त्यांनी स्वतःहून लावले होते, त्याचा कंटाळा येऊन चौथ्या दिवशी बंद केले, त्याने काही बिघडलं नाही, बाटली टेबलावर होती.

आता ती गोष्ट जिच्याबद्दल कोणी डाएटमध्ये बोलत नाही. एक ते दोनची रोजची मीटिंग. सकाळच्या खाण्यानंतरही सव्वादोनपर्यंत भूक मरून जायची आणि जेवण त्या उतारावर येऊन आदळायचं, आणि लगेच समोर सगळ्यात किचकट क्लेम. मी त्यांना म्हटलं, तुमच्या टीम लीडरना ही शीट दाखवा, वेळेच्या कॉलमने लावलेली. त्या घाबरल्या, कारण चुकांची यादी साहेबांना आपण होऊन दाखवायची म्हणजे काय! पण दाखवली. ते बघत बसले बराच वेळ, मग म्हणाले की बाकीच्यांची पण अशी लावून बघतो. लावली. कमीजास्त प्रमाणात तोच आकार सगळ्या टीमचा. मीटिंग साडेअकराला हलली, जेवण एकला आलं, आणि किचकट फाइल्स सकाळी, अडीचनंतर सोप्या आणि पत्रव्यवहाराचं काम असं वाटप त्यांनी करून बघितलं. एका माणसाच्या इच्छाशक्तीने जे वर्षभर झालं नव्हतं ते कॅलेंडरमधली एक चौकट हलवून झालं. आणि मला म्हणूनच राग येतो जेव्हा कंपन्या कर्मचाऱ्यांना निरोगी राहण्यावर लेक्चर ठेवतात आणि ते लेक्चरही जेवणाच्या वेळेत ठेवतात.

परिणाम. पहिल्या तीन आठवड्यांतच दुपारच्या लाल ओळी कमी झालेल्या दिसल्या. तेव्हा आहाराचा बदल सुरूच झालेला नव्हता, लोहाच्या गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झालेले आणि साठा भरायला महिने लागतात, मीटिंगही अजून एकलाच होती. त्यामुळे तो पहिला फरक मी झोप आणि कॉफीच्या वेळेच्या खात्यावर टाकते. मीटिंग हलली त्या महिन्यात दुसरी मोठी घट. आणि जिने चढताना लागणारी धाप मात्र दीड-दोन महिन्यांनी कमी झाली, तिचा झोपेशी फारसा संबंध नव्हता, ती लोहाची. एकाच माणसावर, कुठलाही तुलनेचा गट नसताना, यापेक्षा ठाम बोलणं बरोबर नाही, सोपं काम दुपारी दिल्यामुळेही चुका कमी दिसणारच, तो हिशोब वेगळा काढता येत नाही. पण एकेक बदल वेगवेगळ्या वेळी केल्यामुळे निदान कशाने काय झालं असेल याचा अंदाज बांधता आला, सगळं एकाच सोमवारी सुरू केलं असतं तर तेही नाही.

दुपारच्या चुका सकाळइतक्या कमी अजूनही नाहीत, पण पूर्वीच्या निम्म्याहून खाली आहेत. वजन जवळपास तेवढंच आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. रेटिंग टिकलं.

मध्ये एकदा सगळं विस्कटलं. तिमाहीचा शेवट, कामाचा डोंगर, मुलगी आजारी, झोप पुन्हा पाच तासांवर, संध्याकाळची कॉफी परत. आठवड्याभरात लाल ओळी परत आल्या. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला, म्हणाल्या सगळं वाया गेलं. मी विचारलं, यातलं काय काय अजून चालू आहे? गोळी चालू होती, ड्रॉवर भरलेला होता, जेवण एकलाच होत होतं. म्हणजे ज्या गोष्टी परिस्थितीत बसवल्या होत्या त्या टिकल्या आणि ज्या रोज ठरवून कराव्या लागत होत्या त्या गेल्या. त्यावरून पुढचं ठरलं, गर्दीच्या आठवड्यात फक्त एकच गोष्ट सांभाळायची, बारानंतर कॉफी नाही, आणि शक्य झालं तर दुपारी पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं, त्याहून जास्त नाही कारण गाढ झोपेतून उठलं की डोकं अजून जड होतं. ऑफिसमध्ये एक रिकामी खोली होती, टीम लीडरनी ती उघडून दिली. मुलगी बरी झाल्यावर झोप आपोआप मार्गावर आली नाही, चारेक दिवस ओढून आणावी लागली, पण आली.

तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासलं तर २८. डॉक्टरांनी गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायला सांगितल्यात, कारण बरं वाटलं म्हणून इथेच थांबवलं तर साठा पुन्हा रिकामा होतो, आणि रक्तस्रावावरचे उपचार आता कुठे सुरू झालेत. पुढच्या तपासणीत आकडा नीट वर आलेला दिसला की मग ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सहाला, झोपेला हात न लावता. बी१२ पण तेव्हाच परत बघणार आहोत.